रेडटेलची उजवी बाजू

ऑगी विलझाकला चाळीस वर्षांत कोणी एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुला स्वतःला काय आवडतं? विचारायचं कारणही नव्हतं. डेट्रॉइटच्या त्या मोटार कंपनीत चित्रं काढणारे वेगळे आणि माती घडवणारे वेगळे. डिझायनर कागदावर रेघ मारणार आणि ऑगीसारखी माणसं भट्टीत मऊ केलेल्या तपकिरी मातीची खऱ्या मापाची अख्खी गाडी उभी करणार. मग साहेबमंडळी येत, एखाद्या वळणापाशी थबकत आणि विचारत, "ही रेघ कोणाची?" ऑगी मुकाट्याने डिझायनरचं नाव सांगे. ती रेघ कागदावर लुळी पडली होती आणि आपण तिला उभं केलं, हे तो फक्त घरी बायकोला सांगे. हलीना म्हणे, "मला कशाला ऐकवतोस? त्यांना सांग की!"

त्यातून नशिबी रेडटेल. १९७० सालची ही कंपनीची मसल कार: लांबलचक बोनेट, आखूड डिकी, आणि इंजिनाचा आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्री जागी व्हावीत. दर बारा-पंधरा वर्षांनी कंपनीला तिचा उमाळा येई आणि 'नवी' रेडटेल काढायची टूम निघे. नवी म्हणजे काय, तर जुनीच, दिवे बदललेली. अशा तीन रेडटेल ऑगीच्या हाताखालून गेल्या होत्या. त्या गाडीचा त्याला मनापासून वीट आला होता.

या खेपेस मात्र वेगळंच घडलं. मातीच्या गाडीत एक सोय असते. डावी बाजू एका तऱ्हेची करायची, उजवी दुसऱ्या तऱ्हेची. मधोमध आरसा धरला की दोन पुऱ्या गाड्या दिसतात आणि साहेबांना निवड करता येते. डावी बाजू जुन्या वळणाची ठरली, ती रीम हद्दाद या डिझायनरकडे आली. उजवी नव्या वळणाची, पण तिचा डिझायनर जास्त पगारावर कॅलिफोर्नियाला उडाला. स्टुडिओची प्रमुख गेल स्ट्रॉथर हिने ऑगीला बोलावून घेतलं.

"ऑगी, 'माझी असती तर' हे तुझं पालुपद मी वीस वर्षं ऐकतेय. घे, उजवी बाजू तुझी. आठ आठवडे."

"मी जूनमध्ये निवृत्त होतोय, गेल."

"म्हणून तर आठ म्हणाले. नऊ नाहीत."

चौसष्ट वर्षांचा ऑगी त्या दिवशी पार्किंगमधून गाडीकडे चक्क शीळ घालत गेला. आयुष्यात एकदा, एकच रेघ स्वतःची काढायची आणि कोणी विचारलं तर आपलं नाव सांगायचं, एवढंच त्याला हवं होतं.

आता गंमत बघा. म्हातारा नव्याच्या मागे लागलेला आणि अठ्ठावीस वर्षांची पोर जुन्याला कवटाळून बसलेली. रीम डेट्रॉइटशेजारच्या डिअरबॉर्नची. तिचा बाप नबील लेबनॉनहून आला, पेट्रोलपंपावर राबला आणि पहिल्या शिलकीतून त्याने काय घेतलं, तर एक मोडकी १९७० ची रेडटेल. रीम तिच्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली. तिने बापाची गाडी स्टुडिओत आणवली, यंत्राने तिची डावी बाजू मापून घेतली आणि तीच मापं मातीत उतरवायला घेतली. कंपनीच्या जुन्या नकाशांशी मागच्या चाकावरचा फुगवटा जुळेना, तर म्हणाली, "कारखान्यात काय कागदाबरहुकूम बनतं होय? गाडी खरी, कागद खोटा."

"पोरी, ती गाडी गळायची," ऑगी पलीकडून म्हणे. "पावसात पायाखाली टमरेल ठेवायला लागायचं. मागचं काही दिसायचं नाही. कशाला तिची आरती करतेस?"

"अम्मो, तुम्हाला हृदय नाहीये."

अम्मो म्हणजे काका. भांडण कितीही पेटलं तरी हा अम्मो सुटत नसे, आणि डब्यातली झातर हा लेबनॉनी मसाला लावलेली गरम रोटी अर्धी तोडून मधल्या रेषेवरून पलीकडे जाई. ती मधली रेषा म्हणजे त्या दोघांची सीमा होती. बोनेटच्या नाकाची उंची किती, यावर ते तीन दिवस भांडले. रीमला नाक वर हवं, ऑगीला खाली. माती तर एकच. शेवटी दोघांनी एकेक बोट सोडलं आणि दोघंही आपणच जिंकलो म्हणून मिरवत राहिले.

सहाव्या आठवड्यात गेल चक्कर मारून गेली. रीमच्या बाजूला, मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर तिचा हात रेंगाळला. "हे बघ, ऑगी. हा अस्सल सत्तर सालचा जोश. आता कोणाला जमत नाही हे." उजवीकडे येऊन ती नुसती "हं" म्हणाली. ऑगीला ते 'हं' रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं.

साहेबांसमोरची परीक्षा आठव्या आठवड्यातल्या गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी मातीच्या गाडीवर चंदेरी फिल्म चढवून ती ढकलत मागच्या अंगणात उन्हात आणली. उन्हात कसलीही लपवाछपवी चालत नाही. शेजारी नबीलची लाल रेडटेल उभी केली. ती नेहमी नबील स्वतःच आणून लावी, कारण किल्ली तो पोटच्या पोरीलाही देत नसे.

नबीलने आधी लेकीची बाजू पाहिली. डोकं तिरकं केलं.

"बरोब्बर माझीच आहे. फक्त लग्नानंतर अंग धरलंय तिने."

"बाबा!"

"खोटं कशाला बोलू?" तो वळसा घालून उजवीकडे आला. वाकून, मग दोन पावलं मागे सरून त्याने ती न्याहाळली. "सुंदर," तो म्हणाला. ऑगीची छाती फुलली. "फार सुंदर. कुठल्या कंपनीची?"

ऑगीला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आठ आठवडे त्याने प्रत्येक इंचाला एकच प्रश्न विचारला होता: हे जुन्यासारखं तर नाही ना? जरा शंका आली की पात्याने खरवडून टाकलं होतं. पुढच्या दिव्यापासून दारापर्यंत त्याची रेघ मजेत धावत येई आणि मागच्या चाकापाशी येऊन रस्ता चुकल्यासारखी विरून जाई. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

आपला राग कशावर तरी काढावा म्हणून तो त्या लाल गाडीकडे गेला. डोळे मिटून त्याने डाव्या फुगवट्यावरून तळवा फिरवला, मग पलीकडे जाऊन उजव्यावरून. पुन्हा डाव्यावरून. दोन्ही सारखे नव्हते. उजवा साधा, गरीब बिचारा, नकाशात होता तसा. डावा मात्र चाकावर येताना दम घेऊन उसळत होता. ऑगीने बोटाच्या सांध्याने टकटक केलं. उजवा पत्रा खणखणला. डावा भद्द वाजला.

पुट्टी! आत पोचा बुजवायला भरलेली बोटभर पुट्टी होती.

ऑगीने खात्रीसाठी पुन्हा टकटक केलं. रीमने यंत्राने मापलेला, मिलिमीटरला मिलिमीटर जपलेला, गेलने डोक्यावर घेतलेला तो 'अस्सल सत्तर सालचा जोश' कोणीतरी गॅरेजमध्ये थापला होता. गुरुवारी साहेबांसमोर त्याने नुसतं एकदा टकटक केलं असतं, तर डावी बाजू संपली असती. उजवी आपोआप निवडली गेली असती. चाळीस वर्षांनी का होईना, रेघ ऑगी विलझाकची झाली असती.

त्याला मोह झाला, खोटं कशाला सांगा? चांगली दोन-तीन मिनिटं झाला. पण तळवा काही त्या फुगवट्यावरून हटेना. अख्ख्या अंगणात, दोन्ही गाड्यांत, त्याची स्वतःची बाजू धरूनही, ती सगळ्यात चांगली जागा होती. ती कोणी केली हे कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

त्याने नबीलला बाजूला घेतलं. "हे कोणी केलं?"

नबीलचा चेहरा पडला. "हळू बोला. माझ्या बायकोला अजून माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"मेव्हणीच्या दारातल्या खांबाला ठोकली मी. रीम सहा वर्षांची होती. मागे बसून गात होती, मी मान वळवून टाळ्या वाजवत होतो. बायकोला सांगितलं, एका लग्नाच्या हॉलबाहेर कोणीतरी ठोकून पळालं. बिचारीने त्या कोणाला तरी इतके शाप दिलेत की मला अजून पाठदुखी आहे."

"आणि हे? हे कोणी घडवलं?"

"मीच. पंपाच्या मागे, चार रविवार. रबरी हातोडी आणि पुट्टीचे सहा डबे. मूळ आकार काही जमेना हो. शेवटी म्हटलं, मरू दे, चांगलं दिसेल तसं करू."

"चांगलं दिसेल तसं," ऑगी म्हणाला.

"चूक झाली का?"

ऑगी हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तशी रीम धावत आली आणि बापाच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की काहीतरी शिजतंय. नबीलला सगळं पुन्हा सांगावं लागलं. ऐकता ऐकता ती जमिनीवर मांडी घालून बसली.

"म्हणजे मी आठ आठवडे पुट्टीची पूजा केली?"

"पुट्टीची नाही गं," ऑगी म्हणाला. "बापाच्या हाताची केलीस. मला विचारशील तर फुगवटा झकास आहे. मी एवढी वर्षं माती कालवतोय, मला सुचला नाही."

रीमला रडू येत होतं आणि हसूही. शेवटी हसू जिंकलं. "बाबा, मी काय गात होते?"

"कोणाला आठवतंय? बेसूर होतं एवढं खरं."

बुधवारी सकाळी ऑगीने उजव्या बाजूची फिल्म मागून टराटरा सोलली. रीम आपली बाजू सोडून पलीकडे आली. ती भट्टीतून गरम माती आणून देई, तो थापे. मागच्या चाकापाशी येऊन विरणारी आपली रेघ त्याने तशीच पुढे ओढली आणि चाकावर तिला नबीलसारखी उसळू दिली. नबीलचाच फुगवटा, पण ही गाडी रुंद, हिची चाकं मोठी, म्हणून त्याने तो लांबवला, वरून हलका केला. आज तो मातीला फक्त एवढंच विचारत होता, की चांगलं दिसतंय का? कधी रीम म्हणे, "अम्मो, फार झालं," आणि तो खरवडी. कधी तो म्हणे, "भीती वाटतेय," आणि ती म्हणे, "राहू द्या." संध्याकाळी पाचला दोघांनी फिल्म ताणून बसवली. इतका आनंद आपल्याला कामात शेवटचा कधी झाला होता, हे ऑगीला आठवेना.

गुरुवारी दहा वाजता अंगणात पन्नास-साठ माणसं जमली. गेलला रीमने डाव्या बाजूची हकीकत आधीच सांगून टाकली होती. गेल कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि मी त्याचं कौतुक केलं! चार लोकांसमोर!" मग ती उजवीकडे आली. दिव्यापासून निघून मागपर्यंत गेली. परत आली. ऊन त्या रेघेवरून धावत होतं आणि मागच्या चाकावर उडी मारत होतं. नबील आपली लाल गाडी सोडून हिच्याकडे बघत होता, आणि या वेळी कुठल्या कंपनीची असं काही त्याने विचारलं नाही. तो नुसता म्हणाला, "ही आमचीच."

गेलने रेघेवर बोट ठेवलं. "ही कोणाची?"

ऑगीने तोंड उघडलं आणि सवयीने त्याच्या जिभेवर नाव आलं ते रीमचं. रीमने त्याच्या पावलावर बूट दाबला, चांगला जोरात.

"माझी," ऑगी म्हणाला. आवाज फाटला म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, "माझी आहे. इथून इथपर्यंत माझी. इथून पुढे या गृहस्थांची."

"माझं नाव कुठेही लिहू नका!" नबील घाबरून ओरडला. "घरी समजेल!"

सगळं अंगण हसलं. साहेबांनी माना डोलावल्या, तशी गेल म्हणाली, "ठरलं. उजवी." आणि तिने रीमला सांगितलं, की डावीही आता अशीच कर, मशीनने नको, हाताने, आणि हा म्हातारा जूनमध्ये जायच्या आत त्याच्याकडून काय ते सगळं काढून घे.

ऑगीला डोळे पुसायला काही मिळेना. सकाळी भट्टी साफ करून तो तसाच आला होता; हात मातीने माखलेले, बाही मातीने माखलेली. मग तो तसाच, साठ माणसांसमोर, चेहऱ्यावर तपकिरी पट्टे ओढत रडला, आणि मध्येच त्याने नबीलला मिठी मारून त्याचा इस्त्रीचा शर्ट खराब केला.

"आता याचं घरी काय सांगू?" नबील म्हणाला.