काळ्या दगडाचं वळण

हाना गावाला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या घरापुढे एक वळण आहे. पाहुण्यांच्या गाड्या तिथे हमखास थांबतात. माणसं उतरतात, काळ्या दगडाला टेकून समुद्राचे फोटो काढतात. "किती विचार करून बांधलाय रस्ता!" म्हणतात. डोंबल विचार! ते वळण माझ्या नवऱ्याने रस्ता बांधणाऱ्या साहेबाच्या हातापाया पडून मागून घेतलंय.

रस्ता आला तेव्हा धाकटा लुका माझ्या पोटात होता. कैदी सुरुंग लावून कडा फोडत होते आणि माझा नवरा पिलिपो त्यांच्यापुढे झाडं तोडायच्या कामावर होता. आमच्याकडे बाळाची नाळ गळून पडली की आजी ती दगडाच्या फटीत ठेवते आणि वर खडा ठोकून बसवते. उंदराने पळवली तर पोर चोर निघतं. दगड हलला तर पोर घरात टिकत नाही. आणि दगड कुठला, ते फक्त आजीला ठाऊक. विचारायचं नाही, बोलायचं नाही. माझ्या थोरल्या दोघांच्या, कालेपाच्या आणि माइलेच्या नाळा सासूबाईंनी अशाच कुठेतरी ठेवल्या होत्या.

सासूबाई आजारी बहिणीकडे हानाला गेल्या आणि इकडे साहेबाने रस्त्यासाठी ताणलेली दोरी नेमकी काळ्या दगडावरून गेली. पिलिपोची झोप उडाली.

"लहानपणापासून बघतोय, आई रोज संध्याकाळी तिथेच जाऊन बसते. नाळांचा दगड दुसरा कुठला असणार?"

"अरे, आधी तिला विचार तरी!"

"तोवर सुरुंग थांबणार आहे का?"

तो गेलाच. साहेब आधी हसला, मग खेकसला, शेवटी वैतागून म्हणाला, "ठेव तुझा धोंडा! रस्ता आतून घेतो."

आतून घेतला. आतल्या बाजूचे किरकोळ दगड एका दुपारी उडवून टाकले. पिलिपोने घरी येऊन मला उचलून गरागरा फिरवलं, एवढं पोट असताना!

सासूबाई आल्या त्या लुका झाल्यावरच. त्याची गळून पडलेली नाळ मी चिंधीत बांधून त्यांच्या हातात दिली. पिलिपो आम्हाला रस्त्यावर घेऊन गेला आणि काळ्या दगडापाशी छाती काढून उभा राहिला.

"बघ आई, वाचवला."

सासूबाईंनी तिकडे बघितलंही नाही. त्या नव्या रस्त्याच्या मातीकडे बघत होत्या.

"इथे एक बुटका दगड होता," त्या म्हणाल्या. "शेवाळलेला. डुकरंसुद्धा त्याच्याकडे बघायची नाहीत."

"मग तू रोज या काळ्यावर का बसायचीस?"

"लोकांची नजर इकडे राहावी म्हणून रे, वेड्या!"

 सासूबाईंनी चिंधी मला परत दिली. "तूच ठेव. माझ्याकडे आता जागा नाही." मला दोघांचाही असा राग आला! एकाने विचारलं नाही, एकीने सांगितलं नाही. मेलं ते गुपित!

कालेपा त्याच रस्त्याने होनोलुलूला गेला, गोदीत. माइले कॅलिफोर्नियाला. बाप गेला तेव्हाही दोघं आली नाहीत. लोक म्हणतात, रस्ता आला की पोरं जाणारच. असेल बाई. मला नाही पटत.

लुका तेवढा राहिला. पाहुण्यांना गाडीतून फिरवतो. काल आपल्या लेकीची नाळ घेऊन आला.

"आई, चल. माझी आहे तिथेच ठेव, काळ्या दगडात. बाबांनी सांगितलंय मला."

म्हणजे पिलिपो मरता मरता पोराला थाप मारून गेला होता! मी डब्यातली जुनी चिंधी कमरेला खोचली आणि त्याच्याबरोबर निघाले. दगडापाशी ती उघडून त्याच्यापुढे धरली.

"ही तुझी. इतकी वर्षं माझ्याकडेच होती."

त्याचा चेहरा उतरला. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी सगळं. सासूबाई वर चिडल्या असतील, तर चिडू देत. मग बापलेकीच्या दोन्ही नाळा एकाच फटीत सरकवल्या आणि खडा त्यालाच ठोकायला लावला. ठोकून झाल्यावर त्याने विचारलं,

"आणि दादाची? ताईची?"

मी त्याच्या गाडीकडे बोट दाखवलं. "तिथे होत्या. तुझ्या चाकांखाली."

लुका धावत गेला आणि त्याने गाडी पुढे घेतली. मागून पाहुण्यांची दुसरी गाडी आली आणि त्या मोकळ्या जागेत उभी राहिली.