आक्काचं अर्धं बोट

आमच्या भिवंडीत जिवंत माणसाचा फ्लेक्स लागतो आणि मेलेल्या माणसाचं तैलचित्र. वाढदिवस असला की चौकात गॉगल लावलेले वीस चेहरे एकमेकांना शुभेच्छा देत असतात, पण ऑइल पेंटिंग तेराव्यानंतरच. जिवंतपणी लावलं तर अपशकुन! मी मुंबईत पाच वर्षं चित्रकला शिकले. मास्तरांनी त्यातली दोन वर्षं मला रंगाला हात लावू दिला नव्हता, नुसते प्लास्टरचे पुतळे कोळशाने काढायचे. हे सगळं शिकून मी कोन गावच्या रस्त्यावर मेलेल्यांचे पासपोर्ट फोटो मोठे करत बसले आहे. माझ्या खोलीच्या खाली लूम आहेत, कापडाचे यंत्रमाग, त्यांच्या धडधडीने कॅनव्हास ठेवायचा इझल थरथरतो. म्हणून डोळे मी फक्त शुक्रवारी रंगवते, लूम बंद असतात तेव्हा.

अशाच एका शुक्रवारी दिघाशी गावचा मनोज आला. त्याची बरीच गोडाऊनं आहेत.

"मॅडम, आमच्या आक्काचं काढायचंय. आजीचं. घाई नाही."

"केव्हा गेल्या?"

"गेली नाही अजून. चौऱ्याऐंशीची आहे. आत्ताच काढून ठेवू, मग धावपळ नको. फक्त तिला कळता कामा नये."

मी ब्रश खाली ठेवला. त्याने मोबाईल पुढे केला. नातीच्या हळदीत पार्लरवालीने रंगवलेली एक म्हातारी त्यात होती, पांढरीफटक, गळाभर सोनं, कपाळावरचं गोंदण पावडरखाली गडप.

"माणूस जिवंत असताना मी फोटोवरून काढत नाही," मी म्हटलं. "समोर बसवा, नाहीतर दुसरा पेंटर बघा."

दुसरा पेंटर त्याला चालणार नव्हता. त्याच्या आजोबांचं, हिरामण शेठचं चित्र एकोणीस वर्षांपूर्वी मीच काढलं होतं आणि त्याला जोडीला जोड हवी होती. खूप कुरकुर करून तो कबूल झाला. आक्काला काय सांगायचं ते मी बघते, म्हटलं.

दिघाशीला गेले आणि सरळ सांगून टाकलं. "आक्का, तुमचं चित्र काढायचंय. तुम्ही गेल्यावर लावायचंय, असं मनोज म्हणतो."

मनोजचा चेहरा बघण्यासारखा झाला. आक्का मात्र खो खो हसली. मग काठी टेकत मला हॉलमध्ये घेऊन गेली आणि हिरामण शेठच्या चित्राखाली उभी राहिली.

"ह्यो कोन, ठावं हाय तुना?"

"तुमचे मालक."

"न्हाय. ह्यो कोनी बँकेतला सायब हाय. माजा नवरा काला व्हता. नाक मोडलेला व्हता, बैलानी लाथ मारलेली. मी ह्याला कदी हार घातला न्हाय. कोनी काडलाय गो ह्यो?"

खालच्या कोपऱ्यात माझी सही होती, चांगली ठसठशीत. तेव्हा मी नवी होते, काम हवं होतं. घरचे म्हणाले गोरे करा, मी गोरे केले. नाक सरळ करा, केलं. मनगटावर घड्याळ घाला, तेही घातलं.

"मी काढलंय, आक्का."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग माजाबी तसाच करशील. मी मेल्याव माज्या जागेव दुसरीच बाय टांगतील आनि पोरांची पोरं तिच्या पाया पडतील. तसा करनार असशील तं आत्ताच जा."

"नाही करणार."

"बग हां."

"बघा तुम्हीच. समोरच काढणार आहे."

उत्तरेच्या खिडकीपाशी तिला बसवलं. सहा दिवस रोज सकाळी दोन तास. आधी तपकिरी रंगात नुसत्या सावल्या मांडल्या. डोळे बारीक करून पाहिलं की बारकावे विरतात आणि चेहऱ्याचा सांगाडा उरतो, तेवढाच पकडायचा. मग कातडी. काळी कातडी काळ्या रंगाने होत नाही. तिच्यात हिरवा लागतो, जांभळा लागतो, गालाच्या हाडावर विटेचा लाल लागतो. कपाळाचं गोंदण मी निळ्याची हलकीशी छटा घेऊन शेवटी टेकवलं. इतकं नीट काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं आणि मला माझाच राग येत होता, की का नव्हतं केलं.

चौथ्या दिवशी तिने पदराखालून डावा हात काढून मांडीवर ठेवला. तर्जनीला वरचं पेर नव्हतं.

"भात कापताना इला लागला," ती म्हणाली. "सासू म्हनली, चिंधी बांद आनि पात धर. सांजच्याला खालच्या शेताची कापनी सरली. ज्या शेतात मनोजचा पयला गोडाऊन हाय, त्योच. हात काडशील?"

"काढते."

चित्रात तो हात मी चेहऱ्याइतकाच उजेडात ठेवला.

सातव्या दिवशी मनोज आणि त्याची बायको करिष्मा बघायला आले. मनोज चित्राच्या अगदी जवळ गेला.

"मॅडम, हे काय? सोनं कुठाय? आणि हे बोट! लोक काय म्हणतील, एवढा मोठा बंगला आणि आजी कामवालीसारखी?"

"आजीने आयुष्यभर कामच केलंय."

"हात पदराखाली घ्या. रंग थोडा उजळा. गळ्यात निदान सोन्याचा पोहेहार तरी घाला. तासाभराचं काम आहे तुमचं."

"तासाभराचंच आहे. पण करणार नाही."

"मग मी घेणार नाही. घेऊन जा परत."

खरं सांगते, दिघाशीपासून पडघ्यापर्यंत सगळी याच्या पाहुण्यांची गावं, तिथली माझी निम्मी कामं याच्या ओळखीने येतात. पण एकोणीस वर्षांपूर्वी मी एकदा हो म्हटलं होतं आणि त्याचं फळ समोरच्या भिंतीवर घड्याळ घालून बसलं होतं.

"घेऊन जाते," मी म्हटलं. "मेल्यावर हिला हवी तशी रंगवा, ती बोलायला येणार नाही. जिवंत आहे तोवर माझ्या हातून होणार नाही."

"कोन कुटं नेतंय?" आक्का आतून आली. तिने चित्रासमोर काठी टेकली आणि आपलं अर्धं बोट चित्रातल्या बोटाजवळ नेऊन ताडून पाहिलं. मग मनोजकडे वळली. "खिला आन."

"आक्का, आत्ता नाही लावायचं. अपशकुन असतो."

"माज्या मरनाची तयारी तू केलीस, तो शकुन का? खिला आन म्हनतंय! न्हाय तं मी ठोकतंय."

करिष्मा पुढे झाली. नवऱ्याकडे न बघता तिने कपाटातून हातोडी आणि खिळा काढला आणि हॉलमध्ये, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा भिंतीवर स्वतःच ठोकला. मनोज तोंड पाडून सोफ्यावर बसला. चित्र चढलं. आक्का त्याच्याखाली खुर्ची ओढून बसली आणि तिने चहा मागवला.

मला अंगात बारा हत्तींचं बळ आल्यासारखं झालं होतं. त्या भरात मी पिशवीतून रंग खरवडायची सुरी काढली आणि हिरामण शेठच्या चित्रापाशी गेले.

"आक्का, यावरचं माझं नाव मी खरवडून टाकते. हे काम माझं म्हणायची मला लाज वाटते."

"लाज वाटतं ना?"

"हो."

"नाव पुसून सुटशील व्हय? ह्यो बँकवाला तं तसाच ऱ्हाईल माज्या भितीव." तिने बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि समोरची खुर्ची काठीने माझ्याकडे ढकलली. "बस हितं. त्याचा नाक मी सांगतंय, तू काड. चुकला तं पुन्ना काड. मना टाइम हाय."

मी सुरी ठेवली आणि कोळसा काढला.