पश्चिमी स्टार

पदक घरी आलं तेव्हा रुख्मिणीला आठवा महिना चालू होता, आणि ज्याचं पदक होतं त्याचं ते लेकरू नव्हतं.

पोस्टमननं दारात उभं राहून हाक मारली, "भागवत कच्छवेची बायको?" ती उठायच्या आत व्यंकटराव पुढं झाले. त्यांनी सही केली, डबी उघडली. आत पाच टोकांचा तांबूस तारा होता. मधोमध सिंहाची मुद्रा, वर रंगीत फीत, मागं नंबर आणि नाव. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेकडं लढलेल्यांना सरकारनं दिलेला पश्चिमी स्टार. व्यंकटरावांनी मागचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि तारा रुख्मिणीसमोर चटईवर ठेवला.

"दादाचं हाय," ते म्हणाले.

तिनं त्याला हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

भागवत तिचा पहिला नवरा, व्यंकटरावांचा थोरला भाऊ. परभणीजवळच्या पिंगळीच्या आसपासच्या गावांतून पोरं फौजेत जायची, नेव्हीत कुणी गेलं नव्हतं. भागवत गेला. जहाजाच्या इंजिनघरात त्याची नेमणूक झाली. सत्तर साली लग्न झालं, त्यानंतर तो दोनदा रजेवर आला. रुख्मिणी सतरा वर्षांची होती. समुद्र केवढा असतो, असं तिनं एकदा विचारलं तर तो म्हणाला, "आपल्या शिवारात हुरड्याच्या दिवसात कुठं बी बघितलं तर ज्वारीच ज्वारी दिसती ना? तसाच. फक्त त्याला बांध न्हाईत." ती हसली होती. त्याच्या अंगाला तेलाचा वास यायचा, कितीही साबण लावला तरी जायचा नाही.

त्याच्या जहाजाचं नाव खुकरी. डिसेंबरात लढाई पेटली आणि दीवच्या बाजूला शत्रूची पाणबुडी फिरतेय म्हणून खुकरीला तिच्या मागावर पाठवलं. नऊ तारखेला त्याच पाणबुडीचा पाणतीर खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज तळाला गेलं. कप्तान जहाजाबरोबर गेला, पावणेदोनशेच्या वर खलाशी गेले. परभणीला तार यायला आणि तिथून गावात यायला काही दिवस गेले. तेवढे दिवस रुख्मिणी रोज कुंकू लावत होती.

उन्हाळ्यात त्याच जहाजावरून वाचलेला एक खलाशी भेटायला आला. मालवणकडचा होता. ओसरीवर बसून पाणी प्यायला. सासू-सासरे समोर बसले होते, रुख्मिणी चौकटीच्या आत उभी होती. एकोणीस वर्षांच्या व्यंकटनंच विचारलं.

"दादाला पोहता येत हुतं. मला विहिरीत त्यानंच शिकिवलं. मग कसा न्हाई आला वर?"

खलाशी खाली बघत म्हणाला, "तो इंजिनघरात होता. ड्यूटीवर. आम्ही वर डेकवर होतो म्हणून पाण्यात पडलो. खालच्यांना पोहायला पाण्यापर्यंत यायलाच मिळालं नाही."

व्यंकट उठून बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत परतला नाही.

दोन वर्षांनी घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं. पोरगी चांगली आहे, घरातच राहू द्यावी, धाकट्याशी पाट लावावा. रुख्मिणीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तुमी म्हणाल ते. व्यंकटला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ती माझी वैनी हाय." सासरे म्हणाले, "आता न्हाई." पाच माणसांत, वाजंत्री न लावता, पाट लागला. त्याच साली व्यंकटला रेल्वेत गँगमनची नोकरी लागली. सकाळी रुळावर जायचा, अंधार पडताना यायचा. लग्नानंतर वर्षभर त्यानं तिला हाकच मारली नाही. भाकरी पाहिजे असली की ताट सरकवायचा. राजेश्री झाली आणि मग त्याला एक नाव सापडलं, "राजेश्रीची माय."

माणूस म्हणून त्याच्यात काही खोट नव्हती. रुख्मिणी आजारी पडली की चूल पेटवायचा. तिला कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. राजेश्रीला परभणीला ठेवून डी.एड. करवलं, ती मास्तरीण झाली. जुन्या घराच्या जागी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा रंगाऱ्यानं दारावर काय नाव लिहू म्हणून विचारलं. व्यंकटराव म्हणाले, "भागवत निवास." रुख्मिणीला वाटलं होतं, एकदा तरी आपल्याला विचारतील.

पदक त्यांनी भागवतच्या फोटोखाली काचेत बसवून घेतलं होतं. दरसाल नऊ डिसेंबरला ते काच उघडायचे, मऊ धोतराच्या तुकड्यानं तारा पुसायचे, फोटोला हार घालायचे. त्या दिवशी रुख्मिणीशी ते जास्तच अदबीनं वागायचे. तिला तो दिवस नकोसा व्हायचा. भागवतसाठी रडून झालं होतं तिचं. तेवीस वर्षांच्या त्या पोराचा चेहरा आता तिला फोटोत बघितल्याशिवाय आठवत नव्हता. आठवायचा तो रोज रात्री पायाला तेल चोळून घेणारा, रुळाच्या खडीनं टाचा फुटलेला माणूस. पण हे त्याला कसं सांगायचं, ते तिला कधी जमलं नाही. आणि तिला वाटायचं, कळत असेल की.

गेल्या वर्षी विजय दिवसाला परभणीत एका मंडळानं कार्यक्रम ठेवला. शहिदांच्या घरच्यांचा सत्कार होता. दोघं सकाळच्या गाडीनं पिंगळीहून निघाले. व्यंकटरावांनी पांढरा सदरा घातला होता, पदक रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवलं होतं, आणि गाडीत बसल्यापासून खिशावर हात होता. सभागृहात एका कार्यकर्तीनं पदक रुख्मिणीच्या पदराला उजव्या बाजूला लावलं आणि तिला पुढच्या रांगेत नेलं. व्यंकटराव मागं मागं निघाले तर तिनं थांबवलं.

"बाबा, ही रांग घरच्यांची आहे. तुम्ही कोण त्यांचे?"

रुख्मिणीनं मान वळवली.

"मी शहिदाचा भाऊ," व्यंकटराव म्हणाले.

"मग मागं बसा ना. पुढं पत्नी आणि आईवडीलच आहेत."

ते मागं जाऊन बसले. सूत्रसंचालक मोठ्या आवाजात सांगत होता, ऐन अठराव्या वर्षी या माउलीचं कुंकू पुसलं गेलं, आणि पतीच्या आठवणीवर तिनं उभं आयुष्य एकटीनं काढलं. रुख्मिणीच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू होतं. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. शाल आली, नारळ आला, टाळ्या वाजल्या. मागं, खांबाजवळच्या खुर्चीत, व्यंकटराव टाळ्या वाजवत होते. डोळे पुसायचे आणि पुन्हा टाळ्या वाजवायचे.

परतीच्या गाडीत ती त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "भाऊ कशाला म्हणलात?"

"मग काय म्हणू?"

"काय हाव ते म्हणायचं."

"आज दादाचा दिवस हुता," ते म्हणाले. "आपलं कुठं मधी घालावं?"

"मी एकटीनं काढलं म्हणला तो. तुमी टाळ्या वाजिवल्या."

"तुझ्यासाठी वाजिवल्या," व्यंकटराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तिला पुढं बोलायचं होतं. पिंगळी आलं, उतरायची घाई झाली, आणि ते राहून गेलं.

फेब्रुवारीत त्यांना ताप भरला. गावातल्या डॉक्टरानं दोन दिवस गोळ्या दिल्या, उतार पडला नाही. राजेश्री येऊन त्यांना परभणीला घेऊन गेली. फुफ्फुसात न्यूमोनिया उतरला होता. तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात चढला आणि ते काहीबाही बोलायला लागले. दुपारची वेळ होती. राजेश्री औषधं आणायला खाली गेली होती, रुख्मिणी खाटेजवळच्या स्टुलावर बसून त्यांचे पाय दाबत होती. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं आणि घाईघाईनं पाय जवळ ओढून घेतले.

"वैनी," ते म्हणाले, "तुमी कशाला पाय... न्हाई न्हाई."

रुख्मिणीचा हात तसाच राहिला.

"वैनी, दादाचं पत्र आलं का?"

"आवो, मी हाय," ती वाकून म्हणाली. "रुख्मिणी. राजेश्रीची माय. तुमची बायको हाय मी. वळका की."

ते उठून बसायचा प्रयत्न करत होते. थोरल्या भावाची बायको समोर असताना आडवं कसं पडावं, याचाच त्यांना घोर लागला होता. हाताला लावलेली सलाईनची नळी ताणली गेली. नर्स धावत आली, तिनं त्यांना निजवलं. ते नर्सला सांगत होते, "वैनीला बसायला खुर्ची द्या. लय दुरून आल्यात."

राजेश्री परत आली तेव्हा आई दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. पदर तोंडात धरला होता. "वळकंना मला," एवढंच ती म्हणाली. "पन्नास सालं मधली कुठं गेली गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटराव गेले. मधे शुद्ध आलीच नाही.

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा बोलावणं आलं. राजेश्री म्हणाली, "नको जाऊस माय." रुख्मिणी म्हणाली, जायचं. त्याच कार्यकर्तीनं पदक लावलं, आणि बाबा कुठायत म्हणून विचारलं. राजेश्रीनं सांगितलं. ती बाई हळहळली, आणि तिनं चांगल्या मनानं ते सूत्रसंचालकाच्या कानावर घातलं असावं. कारण रुख्मिणी मंचावर गेल्यावर तो म्हणाला, "या माउलीला अखेरपर्यंत आधार देणारे त्यांचे दीर व्यंकटराव यांचंही या वर्षी निधन झालं. त्यांनाही आपण श्रद्धांजली वाहू."

लोक उभे राहायला लागले. रुख्मिणीनं हात पुढं केला आणि माइक मागितला. आजींना दोन शब्द बोलायचेत असं वाटून त्यानं तो दिला. माइक तोंडाजवळ की लांब धरायचा हे तिला कळेना. तिचा श्वासच आधी सगळ्यांना ऐकू गेला.

"दीर न्हाई," ती म्हणाली. "मालक हुते माझे. ह्यो तारा भागवतरावाचा हाय, त्यायला माझा नमस्कार हाय. पर संसार माझा व्यंकटरावासंगं झाला. मी एकटी कधीच नव्हते. आता झाले."

आणखी काही बोलायचं असावं तसे तिचे ओठ हलले. मग तिनं माइक परत दिला. सभागृहात कुणाला काय करावं कळेना. एकदोघांनी टाळ्या सुरू केल्या आणि थांबवल्या. सूत्रसंचालकानं पुढचं नाव घेतलं.

बाहेर ऑटोत बसल्यावर राजेश्रीनं तिचा हात धरला. "बरं केलंस माय. चांगलं बोललीस."

"काय चांगलं," रुख्मिणी म्हणाली. "त्या दिशी ह्ये खांबाजवळ बसले हुते तवा मी बोलले असते तर चांगलं झालं असतं. आज त्या खुर्चीत कोण पोरगं बसलं हुतं, मोबाइल बघत."

स्टेशन आलं. तिकिटाच्या खिडकीपाशी राजेश्री रांगेत उभी राहिली, तेव्हा रुख्मिणीनं पदराचं पदक सोडलं, पिन लावली आणि लेकीच्या पर्समध्ये टाकलं.

"हे तू तुझ्या घरी ठिव," ती म्हणाली. "तुझा काका हुता तो, तू सांभाळ. नऊ तारखेला पुसायचं आता मला व्हणार न्हाई. पुसायला गेले की मला ह्येच दिसत्यात, त्यो दिसत न्हाई."

राजेश्रीनं एक तिकीट पिंगळीचं काढलं, आणि मग थांबून आणखी एक काढलं. आज आईला एकटीला सोडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.