साखर तपासायला जाताना दही-साखर

गौरवीचं डोकं फिरायला एक चमचा पुरेसा होता. स्टीलचा, काठोकाठ दही-साखर भरलेला, सासूच्या हातातला.

गरोदरपणात तिची साखर वाढली होती. बाळंतपणानंतर दीडेक महिन्यानं उपाशीपोटी येऊन पुन्हा तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूचं, म्हणजे सुलोचनाबाईंचं, मत वेगळं. पोटात पोर होतं म्हणून साखर होती. पोर बाहेर आली, तिच्याबरोबर साखरही आली. पोर गुटगुटीत होती, म्हणजे पुरावाही होता. लगेच घरात डिंकाचे लाडू आणि गूळ घातलेली पेज सुरू झाली.

तिकडे इब्रामपूरला गौरवीची आई भिंत चाचपत न्हाणीत जायची. गौरवीच्या धाकट्या भावाच्या वेळी वाढलेली साखर तिनंही गेली म्हणून सोडून दिली होती. ती गेली नव्हती. डोळ्यांत जाऊन बसली होती.

तरी डिचोलीच्या लॅबच्या दोन खेपा फुकट गेल्या. आमोण्याच्या या घरातून महत्त्वाच्या कामाला कुणी तोंड गोड केल्याशिवाय बाहेर पडत नसे. गौरवीचा नवरा सुदेश दरवेळी दही-साखर खाऊन दहावीला बसला आणि दरवेळी नापास झाला, पण चमच्यावर कुणी संशय घेतला नाही. पहिल्या खेपेला गौरवीनं जागरणाच्या पेंगेत चमचा गिळला. दुसऱ्या खेपेला तिनं तोंड घट्ट मिटलं, तेव्हा "बरा, तीर्थ तरी घे" म्हणून सासूनं हातावर जे ओतलं ते पंचामृत निघालं. लॅबमधल्या मुलीनं दोन्ही वेळा काही खाल्लंत का विचारलं आणि दोन्ही वेळा परत पाठवलं.

आज चमचा दारातच उभा होता.

"घे गो. टेस्ट चांगली येऊची म्हणान देतंय."

"आई, साखर तपासायला चाललेय मी. साखर!"

"म्हणानच घे. रिकाम्या तोंडान जातत काय?"

"सुदेश, सांग तुझ्या आईला!" एरवी ती त्याला अहो म्हणायची. आज सकाळपासून अरे-तुरे चालू होतं.

सुदेश व्हॅनची किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या हातात होती.

"उद्या माझे डोळे गेले तर मला न्हाणीत कोण नेणार? तू? तुला हातातली किल्ली सापडत नाही!" गौरवीनं चमचा हिसकावला आणि नवऱ्याच्या तोंडात कोंबला. "झालं. घराचं तोंड गोड झालं. चला."

लॅबमध्ये उपाशीपोटीचं रक्त घेतलं आणि मग मुलीनं गौरवीच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास दिला. सगळा पिऊन दोन तास बसायचं, पुन्हा रक्त. बाळाला घेऊन सोबत आलेल्या सुलोचनाबाईंनी विचारलं, "गोड आसा?" मुलगी म्हणाली, "खूप."

"म्हणजे माझो चमचो इख, आणि हो गिलास औषध?"

गौरवी त्यांच्याकडे एकटक बघत सगळा ग्लास प्याली. पुढचे दोन तास सुलोचनाबाई ग्लासाची गोष्ट प्रत्येक नव्या पेशंटला पहिल्यापासून सांगत होत्या.

दुपारी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण अगदी सीमेवर आहात. लाडू बंद. भात कमी, भाजी जास्त. रोज चाला, बाळाला अंगावर पाजत राहा आणि दरवर्षी तपासा."

"म्हणजे पास!" सुदेश म्हणाला.

"बघलंस? चमच्यान काम केल्यान," सुलोचनाबाई म्हणाल्या.

 गावाच्या फाट्यावर गौरवीनं असं काही "थांबव!" म्हटलं की व्हॅन बंदच पडली. ती उतरली आणि चालू लागली.

सुलोचनाबाई बाळाला पदराखाली घेऊन मागोमाग उतरल्या. "बाळंतीण अशी वाऱ्यात चालता? लोक काय म्हणतले?" ऐकू येऊ नये म्हणून गौरवीनं वेग वाढवला. ऐकू जावं म्हणून त्यांनीही वाढवला. मागून सुदेश व्हॅन पहिल्या गियरमध्ये रांगवत येत होता.

"उद्यापण चालणार आहे मी," गौरवी मागं न बघता ओरडली. "बोलायचं असेल तर चपला बऱ्या घालून या!"