चांदीची तार

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे. इंदूरच्या सराफ्यात रामभाऊंचं चांदीकामाचं दुकान आहे. तिथे जिन्याच्या पायथ्याशी, लाकडी बोर्डावर मी चाळीस वर्षं बसलो आहे. माझं अंग चिनी मातीचं, त्यातून वीज जात नाही. पोटात मात्र कथील आणि शिसं मिसळून केलेली एक बारीक तार असते. दुकानाची सगळी वीज तिच्यातून जाते.

ही तार मुद्दाम कमजोर ठेवतात. वीज फार ओढली गेली, तर भिंतीवरच्या तारा तापू लागतात. त्या जळण्याआधी माझी तार तापते आणि दोनशे अंशांच्या आसपास वितळून तुटते. मग पंखे थांबतात आणि लोक म्हणतात, "गेला मेला फ्यूज." मी काम चोख केलेलं असतं, पण कौतुक कधी वाट्याला आलं नाही.

गेल्या लग्नसराईत दुकानात चांदी वितळवायची विजेची भट्टी आली. तारा मात्र जुन्याच राहिल्या, लाकडी जिन्याच्या कडेकडेने वर चढून छतालगत भट्टीपर्यंत गेलेल्या. वरच्या खोलीत रामभाऊंच्या आई, सुलोचनाबाई, पाय मोडून पडल्या होत्या. वर जायला आणि खाली यायला तेवढा एकच जिना.

एका दुपारी देपालपूरच्या लग्नघरचे पैंजण पाच वाजता द्यायचे होते. भट्टी लागली की मी उडायचो. तीनदा उडालो. रामभाऊंचा पुतण्या पुष्कर दर वेळी मेन स्विच बंद करून नवी तार बांधायचा.

"काका, हा फ्यूज आहे का रुसलेला जावई? किती बार मनवायचं याला?"

"जावयाला चांदी दे, मग बघ कसा बसतो," रामभाऊ हसून म्हणाले. त्यांची नजर पैंजणावरून हलली नाही.

पुष्करने ते खरंच मनावर घेतलं. फ्यूजची तार संपली होती, आणि समोर चांदीच्या तारेचे तुकडे पडले होते. त्याने त्यातला एक माझ्या पोटात बांधला. भट्टी लागली. मी उडालो नाही.

"झालं काम, भिया," तो इंदुरी थाटात स्वतःशीच म्हणाला.

मित्रांनो, चांदीइतकी सहज वीज दुसऱ्या कुठल्याच धातूतून जात नाही. म्हणून ती तापते कमी. आणि वितळायला तिला साडेनऊशेच्या वर अंश लागतात. जिन्याकडेच्या तारेवरचं प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. मला ते दिसत होतं. आधी ते फुगलं. मग एक काळा थेंब तिसऱ्या पायरीवर पडला. मला तुटायचं होतं आणि तुटता येत नव्हतं.

"वास कसला येतोय रे?" रामभाऊंनी विचारलं.

"पॉलिशचं मशीन गरम झालं असेल."

रामभाऊ पैंजणाची कडी जोडत होते. चांदीत जस्त आणि तांबं मिसळलेली झाळ, म्हणजे डाख, त्यांनी सांध्यावर ठेवली आणि फुंकणीने ज्योत तिच्यावर वळवली. झाळ वितळून सांध्यात उतरली, पैंजण तसाच राहिला. त्यांची फुंकणी तोंडापाशीच थांबली.

"पुष्कर, फ्यूजला तार कुठली बांधलीस?"

"चांदी. तुम्हीच तर म्हणालात. सबसे बढिया कंडक्टर आहे ना."

"अरे, आपण सांध्यावर झाळ का ठेवतो? ती दागिन्याच्या आधी वितळावी म्हणून. आता इथे आधी काय वितळणार?"

रामभाऊ धावले. त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पायरीच्या लाकडातून तोवर धूर निघू लागला होता. पुष्करने पाण्याची बादली ओतली, मग दुसरी. लाकूड चर्रकन विझलं.

वरून आवाज आला, "रामा, पंखा का रे बंद केलास? उकडतंय."

रामभाऊंचा हात कठड्यावर होता.

"आज थोडं उकडू दे, आई."

पैंजण त्या दिवशी गेले नाहीत. लग्नघरचे लोक रागावून बोलले, रामभाऊंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वायरमनने सगळ्या तारा बदलल्या, भट्टीला जाड तारेची वेगळी लाइन दिली आणि माझ्या पोटात पुन्हा ती कमजोर तार बांधली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, किंवा आपोआप पडणारा नव्या तऱ्हेचा खटका असेल. तो पुन्हा पुन्हा तुटला, तर त्याला मजबूत करू नका. जाणत्या माणसाला बोलवा आणि तो कशामुळे तुटतोय ते शोधा. भार वाढला की घरात काहीतरी वितळणारच. ते मीच असू द्या.