तीस अंश

आईने भाजलेल्या मिरचीच्या रसाने माखलेलं बोट थेट आलेखावर टेकवलं.

"अकरा डिसेंबर. या दिवशी माझ्या दोन चादरी उडून शेजाऱ्यांच्या अंगणात गेल्या होत्या."

"आई, कागद खराब होतोय."

"होऊ दे. आणि हा एकोणीस. हाही वाऱ्याचाच." बोट पुढच्या उंचवट्यावर सरकलं. "हा तीन जानेवारी. तू माझं कॅलेंडर कधी उतरवून घेतलंस गं?"

बिल्यानाने कॉफीचा कप खाली ठेवला. आलेखातली रेघ डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, दक्षिण गोलार्धातल्या अख्ख्या उन्हाळ्यावरून गेली होती. ती हळूहळू उतरायची, मग एकाएकी वर चढायची, पुन्हा उतरायची. असे अकरा चढ होते. प्रत्येकाखाली तिने स्वतःच्या हाताने तारीख घातली होती.

ती उठली आणि दाराजवळच्या खिळ्यावरून कॅलेंडर काढून आणलं. नव्या वर्षाच्या मागे जुनंही तसंच अडकवलेलं होतं. उकाडा मोडणारा गार दक्षिणवारा आला, की आई त्या दिवसाच्या चौकोनात एक बाण काढायची आणि शेजारी वेळ लिहायची. वडील पोलाद कारखान्यात रात्रपाळी करत, तेव्हापासूनची ही सवय. क्रिंजिला वस्तीतल्या घराच्या त्या पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात दिवसा डोळा लागणं कठीण होतं. वारा आला, की आई घरातल्या साऱ्या खिडक्या उघडायची, वडील कूस बदलायचे आणि त्यांना खरी झोप लागायची. तेव्हा चौकोनात दोन वेळा असत, एक वारा आल्याची, दुसरी त्यांना झोप लागल्याची. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आता एकच वेळ असायची.

बिल्यानाने एकेक चढ आणि एकेक बाण ताडून पाहिला. तारखा जुळल्या. तासही जुळले. फक्त नवव्या ठिकाणी दोन तासांचा फरक पडत होता.

"हा सत्तावीस जानेवारीचा बरोबर आहे का?"

"त्या दिवशी मी चर्चमध्ये होते. घरी येऊन अंदाजाने लिहिलं." आई परत मिरच्यांकडे वळली. "का? काय झालं?"

"काही नाही."

"चेहरा तर काहीतरी झाल्यासारखा आहे. खाऊन जा. आणि ते परत खिळ्याला लाव."

तिने कॅलेंडर जागेवर लावलं. हात धुतले, पुन्हा धुतले. कागदावर आईच्या बोटाचा तेलकट ठसा तसाच राहिला.

*

किनाऱ्यालगतच्या टेकडीवर जी संशोधनसंस्था होती, तिथे बिल्याना अकरा वर्षं काम करत होती आणि दर मार्चमध्ये पुढच्या एका वर्षाच्या नोकरीच्या करारावर सही करत होती. मॅकाडेमिया या सुक्यामेव्याच्या टरफलांचा कोळसा आणि सोडियम यांपासून ती बॅटरीचे सेल बनवायची. शर्टाच्या बटणाएवढे, फेकून द्यायच्या टरफलांतून उभे राहिलेले. या उन्हाळ्यात त्या सेलनी काहीतरी वेगळं केलं होतं. जेवढी वीज भरावी तेवढी परत मिळत नाही, हे कुठल्याही सेलचं रडगाणं. हे सेलही थकत जायचे, पण मग आपणहून सावरायचे; आलेखातले चढ तेच.

त्या सावरण्याचं गणित फर्गसने मांडलं होतं. फर्गस अडुसष्ट वर्षांचा गणितज्ञ होता आणि जूनमध्ये निवृत्त होणार होता. थकवा साठत जातो, एका मर्यादेपलीकडे गेला की पदार्थ विसावतो, असं त्याचं समीकरण सांगत होतं. त्यात अवघे चार स्थिरांक होते आणि अकराही चढ त्यात बसत होते. लेख स्वीकारला गेला होता. किरकोळ दुरुस्त्या करून तो आज पाच वाजेपर्यंत परत पाठवायचा होता. त्या लेखाच्या भरवशावर संस्था तीन वर्षांची एक जागा काढणार होती. ती जागा बिल्यानाची, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण प्रयोगशाळेतल्या नोलीनने तिच्यासाठी नवी खुर्ची आधीच निवडून ठेवली होती.

बिल्यानाने फर्गस आणि नोलीनला सेलच्या खोलीत बोलावलं, आलेख टेबलावर पसरला आणि आईचं कॅलेंडर सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटांत झालं.

फर्गसने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग संगणकावर मूळ नोंदी उघडल्या.

"पण इथे तापमान तीस अंश आहे. प्रत्येक ओळीत. तीस पूर्णांक शून्य."

"तापमान राखणारी पेटी नोव्हेंबरपासून बंद आहे, प्रोफेसर," नोलीन म्हणाली. ती प्रयोगशाळेची तंत्रज्ञ. तेवीस वर्षांत तिने अनेक पीएचडीवाल्या डॉक्टरांना येताना-जाताना पाहिलं होतं. "सुटा भाग यायचा आहे. तोवर मी तिच्यावर चहाचे कप वाळत घालते."

"बंद आहे हे मलाही माहीत आहे."

"मलाही," बिल्याना म्हणाली. "मीच सेल काढून या खिडकीखालच्या फळीवर लावले. चार दिवसांसाठी म्हणून. पण प्रोग्राम पेटीला विचारत नाही. आपण जो आकडा नेमून दिला, तोच प्रत्येक ओळीत लिहितो."

तीन महिने तिघेही त्या बंद पेटीवरून चहाचे कप उचलत होते आणि तिघेही तीस पूर्णांक शून्य वाचत होते.

"उकाड्यात सोडियम वाटेतच वाया जातं," बिल्याना म्हणाली. "गारवा आला की कमी जातं. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते मी हे."

"योगायोगही असू शकतो."

"असू शकतो."

"अकरा वेळा," नोलीन म्हणाली.

फर्गसने तिच्याकडे पाहिलं. "तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"माझी बाजू सावलीची. काय ते लवकर ठरवा, इथे जीव जातोय माझा."

हवामानखात्याने तीनच्या सुमारास वारा सांगितला होता. फर्गसच्या समीकरणाप्रमाणे पुढचा चढ काल किंवा आज यायला हवा होता; म्हणजे आज दोन्ही गोष्टी घडणार होत्या. बिल्यानाने खिडकीच्या तिन्ही कड्या तपासल्या.

"आज खिडक्या उघडायच्या नाहीत. सेल आपणहून सावरले, तर लेख आहे तसा जाईल."

"आणि नाही सावरले तर?" नोलीनने विचारलं.

बिल्यानाने दाराखालच्या फटीत एक पंचा कोंबला.

*

अडीच वाजता भिंतीवरच्या तापमापकाचा काटा छत्तीसवर होता. इमारत जुनी, तिला एसी कधी बसलाच नव्हता. नोलीन एक ओला रुमाल मानेवर ठेवून स्टुलावर बसली होती. फर्गसने बूट काढले होते. दर वीस मिनिटांनी पडद्यावर एक ठिपका उमटायचा आणि तो आधीच्यापेक्षा केसभर खाली असायचा. फर्गसने कागदावर पेन्सिलीने आपली रेघ पुढे वाढवून ठेवली होती. ती इथून वर वळत होती.

"माझ्या पहिल्या नवऱ्याबरोबर मी अशीच बसले होते," नोलीन म्हणाली. "गाडी बंद पडली होती रानात. त्यालाही वाटत होतं, आपोआप चालू होईल."

"झाली का?" फर्गसने विचारलं.

"तो पहिला नवरा होता, म्हटलं ना."

बिल्यानाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. टेबलावर कोपरं टेकवून ती पडद्याकडे पाहत होती. गेले कित्येक महिने ती अशी नुसती बसली नव्हती.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नोलीन सवयीने उठली आणि खिडकीपाशी गेली. मग आठवण होऊन तिथेच थांबली.

"आला," आई फोनवर ओरडून बोलत होती. तिच्याकडे दारं आपटत होती. "चादरी काढल्या मी आधीच. उघड खिडक्या."

"उघडते," बिल्याना म्हणाली आणि फोन ठेवला.

काचेतून दूर कारखान्याचा धूर दिसत होता. तो सकाळपासून समुद्राकडे पसरला होता. आता त्या धुराने मान वळवली आणि तो त्यांच्या दिशेने लांबत आला. मग बाहेरची निलगिरीची झाडं एकदम सळसळली. वरच्या मजल्यावर खिडक्या धाडधाड उघडल्या गेल्या, मग खालच्या, मग शेजारच्या इमारतीतल्या. कुठेतरी कुणी टाळ्या वाजवल्या. दारावर थाप पडली.

"अहो, वारा आलाय! जिवंत आहात ना आत?"

"प्रयोग चालू आहे!" नोलीन ओरडली.

"कसला?"

"तीन म्हाताऱ्या कोंबड्या भाजण्याचा!"

पावलं हसत निघून गेली. तीन अठराला ठिपका उमटला, खाली. तीन अडतीसला आणखी खाली. काचेपलीकडे सगळं हलत होतं आणि आत टेबलावरचा एक कागदही हलत नव्हता. फर्गसच्या हनुवटीवरून घाम त्याच्या पेन्सिलीच्या रेघेवर पडला. त्याने तो अंगठ्याने टिपला. रेघ थोडी पसरली.

तीन अठ्ठावन्नचा ठिपकाही खाली आला.

"पुरे झालं का?" बिल्यानाने हळूच विचारलं.

"अजून एक."

चार अठरा झाले. ठिपका उमटला. फर्गसने तो बराच वेळ पाहिला, जणू तो अजून जागा बदलणार होता.

"साठणं खरं होतं," तो शेवटी म्हणाला. "उकाडा साठतो, मग वारा येतो. तेच बसलं चार स्थिरांकांत. पदार्थाने काहीच केलं नाही." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "नोलीन, उघड."

"उघडते. तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"मी काय सांगितलं होतं?"

"नोव्हेंबरात. पेटी बंद पडली त्या आठवड्यात." नोलीन पहिल्या कडीशी झटापट करत होती. "'तिच्या आईचा फोन वाजला की खिडकी उघडत जा. ती जागची उठायची नाही. उकडून मरेल एक दिवस.' तेव्हापासून उघडतेय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा, ही बसलेलीच असते म्हणून."

फर्गस आपल्या पायांकडे पाहत राहिला. त्याचा एक मोजा अंगठ्यापाशी फाटला होता. त्याला ते आठवत होतं की नाही, हे बिल्यानाला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिने नजर दुसरीकडे वळवली.

खिडकी उघडली. टेबलावरचे सगळे कागद एकदम उठले आणि भिंतीवर जाऊन आपटले. कुणी ते धरायला गेलं नाही. तिघेही नुसते तोंड वर करून वारा घेत होते.

मग बिल्यानाने संगणक पुढे ओढला. संपादकांना पत्र लिहायला तिला फार वेळ लागला नाही. वाक्यं सकाळपासून तयार होती. तापमानाची नोंद चुकीची आहे. निष्कर्ष टिकत नाही. लेख मागे घेत आहोत.

"वाचून दाखवू का तुम्हाला?"

"नको." फर्गस बूट घालत होता. "खाली सही करताना माझं नाव आधी घाल."

"लेखावर माझं आधी होतं."

"लेखावर होतं."

तिने नावांची अदलाबदल केली. बटणावर बोट ठेवून एक श्वास घेतला आणि दाबलं. चार पंचेचाळीस झाले होते. मार्च संपायला पाच आठवडे होते. नव्या खुर्चीचा विषय नोलीनने काढला नाही. ती वाकून कागद गोळा करत होती आणि आईच्या बोटाचा ठसा असलेला कागद तिने झटकून सगळ्यात वर ठेवला.

बिल्यानाने हातांची घडी टेबलावर ठेवली आणि त्यावर डोकं टेकवलं, एक मिनिटभर म्हणून. वारा तिच्या मानेवरचे केस उलटे करत होता. मागे पडद्यावर एक ठिपका वर चढला होता. पेन्सिलीच्या रेघेने सांगितलं होतं, साधारण तेवढाच. फर्गसने तो पाहिला आणि पडदा बंद केला.

फोन पुन्हा वाजला. दुसऱ्या घंटेच्या आत नोलीनने तो उचलला आणि कोपऱ्यात गेली.

"हां, स्तोयना. नोलीन बोलतेय... उघडल्या, उघडल्या. उशीर झाला जरा... नाही, ती फोनवर येऊ शकत नाही." तिने वळून पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "झोपलीय ती."

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

"कधी?" आईने विचारलं.

"आत्ताच."

"आत्ता म्हणजे किती वाजता? नीट सांग."

नोलीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाचला दहा कमी."

"थांब," आई म्हणाली. "पेन्सिल कुठे ठेवली ते बघते."