दुसरी खेप

प्रगतीला गाडीची भीती नव्हती. भीती होती ती आपल्याच पाड्यातल्या माणसांची, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

वावर गावाच्या पुढे डांबर संपतं, तिथून खाली उतरलं की त्यांचा पाडा. तिचा नवरा रूपेश मोगरा लावायचा. फुलं आणि मिरची जव्हारच्या बाजारात न्यायला स्वतःची गाडी घ्यायची, इथवर घरात सगळ्यांचं एकमत होतं. घोडं अडलं होतं ते छोटा हत्ती म्हणतात तो लहान टेम्पो घ्यायचा की मोठी पिकअप, यावर. रूपेशचा जीव मोठीवर जडला होता. क्रेट, पोती, परत येताना कुणाचे पत्रे, सगळं एका खेपेत. त्यातून जव्हारचा गाड्या विकणारा गौतम म्हणजे साखरेचं पोतं. "दादा, बाजाराच्या दिवशी मोठी घेऊन जा. भार टाकून बघा, मग बोला," म्हणाला आणि चावी हातात ठेवून मोकळा झाला.

भार टाकायला रूपेशला काही करावं लागलं नाही. बाजार आटोपून गाडी जव्हारबाहेर पडली आणि रस्त्याकडेला पहिला हात वर झाला. सुकरी होती, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन. पुढच्या वळणावर जिवा आणि त्याचे भाऊ. त्यापुढे वीटभट्टीवरून परतलेलं एक अख्खं घर, भांडी, कोंबड्या आणि गोधड्यांसकट. म्हातारा रघ्या तर गाडी थांबायच्या आत मागच्या फाळक्यावर चढला. आपल्या पाड्याच्या माणसाने हात केला आणि गाडी पुढे गेली, असं इकडे होत नाही. शिवाय 'नाय' हा शब्द रूपेशच्या तोंडात देवाने घातलाच नव्हता.

प्रगती पुढे बसली होती. आरशात तिला मागे फक्त हात दिसत होते, दांडीला धरलेले. उतार लागला तशी गाडी जड होऊन खाली ओढू लागली. रूपेश ब्रेक दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. जळका वास केबिनमध्ये शिरला. वळणावर समोर शेळ्या आल्या आणि त्याने करकचून ब्रेक मारला. मागचा भार एका अंगाला गेला, त्याबरोबर गाडीही गेली. प्रगतीच्या खिडकीतून रस्ता दिसेनासा झाला. दिसले ते खाली, फार खाली, सागाचे शेंडे.

गाडी थांबली. डावं चाक कडेच्या भुसभुशीत मातीत रुतलं होतं. मागे कुणीतरी हसलं. पाठोपाठ सगळेच हसले. "रूपेश, झोपलास काय रं?" जिवा ओरडला. त्या हसण्यानेच तिच्या अंगावर काटा आला. या माणसांना भीती वाटली नव्हती, म्हणजे पुढच्या बाजारालाही ती अशीच चढणार होती.

घरी पोचल्यावर ती म्हणाली, "छोटीच घे. मोठीत जागा हाय, म्हनून मानसं चढतात. जागाच नसंल तर कुठं चढतील?"

रूपेशने एरवी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी त्याने नुसती मान हलवली. पाण्याचा अख्खा तांब्या त्याने उभ्यानेच संपवला, ते तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

छोटा हत्ती आला. सासूने, पोशीने, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. गाडी इवलीशी होती, आणि प्रगतीला ती फार आवडली. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसं तिला झालं.

तो पुढच्या बाजारापर्यंतच. सकाळी पाड्यावर क्रेट रचून ती वळते तर मागे सुकरी बसलेली, मांडीवर टोपली. तिच्या पलीकडे जिवा, भाऊ, त्यांच्या बायका. "दाटून बसू, व्हतंय!" क्रेटवर पोरं. रघ्या फाळक्यावर उभा, एका हाताने दांडी धरून. तीच माणसं, तितकीच. गाडी तेवढी लहान झाली होती.

रूपेश स्टिअरिंगमागे बसला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. तो काही बोलणार नव्हता. आज नाही, कधीच नाही. प्रगतीने खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली.

"निम्मे उतरा," ती म्हणाली. "दोन खेपा करू."

पहिल्यांदा कुणाला खरंच वाटलं नाही. मग जिवाचा आवाज चढला. "तू अडली व्हतीस तवा तुला डोलीत घालून डांबरापर्यंत कोनी नेली? इसरलीस? हा रघ्याबाबा पुढं व्हता, खांदा सोलवटला त्याचा!"

ती विसरली नव्हती. बांबूला बांधलेली गोधडी, पावसाने निसरडी झालेली चढण, आणि वर रघ्याचा धापा टाकणारा आवाज, 'आलं बघ पोरी, आलं.' ती आणि तिची लेक आज जिवंत होत्या त्या याच माणसांच्या खांद्यांमुळे. आता चावी परत द्यावी, हात जोडावेत आणि घरात जाऊन बसावं, असं तिला वाटलं.

"नाय इसरले," ती म्हणाली. "पन रघ्याबाबा, त्या डोलीत मी एकलीच व्हते. तुमी माझ्यासंगं दुसरी बाय बसवली नव्हती."

रघ्याने दांडी सोडली आणि खाली उतरला. त्याच्यामागे पोरं उतरली. जिवा उतरला तो शिव्या पुटपुटत, तिच्याकडे पाठ करून.

तिने रूपेशला चावी दिली आणि स्वतः मागे राहिली, दुसऱ्या खेपेसाठी. उतरलेली माणसं तिच्यापासून लांब जाऊन बसली. सुकरी गाडीतून जाताना तोंड फिरवून गेली. रघ्या तेवढा तिच्या शेजारी, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर टेकला.

गाडी वळणाआड गेली. आवाज बारीक होत होत बंद झाला. आता पाड्यात तिच्याशी कोण बोलेल, तिला ठाऊक नव्हतं. पदराचं टोक मुठीत धरून ती ऐकत बसली, वळणावरून ब्रेकची किंचाळी येते का ते.

बऱ्याच वेळाने रघ्याने मान वर केली. त्याचे कान अजून चांगले होते.

"आली बघ पोरी," तो म्हणाला. "रिकामी आली."